सीमाभागातील मराठी मुलांना इंग्रजी शब्दांचे कोणते उच्चार शिकवावेत?

खानापूरच्या_बाई

सविनय नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवते. एसएसएलसी म्हणजे दहावी झाल्यावर आमची बरीचशी मुले पीयूसीसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, बेळगावला जातात. तेथे त्यांना शिकवणारे प्राध्यापक बहुधा कन्नडभाषक असतात. त्यांतलीच काही मुले पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूर-पुण्याची वाट धरतात. त्यामुळे एकाच मुलाच्या कानावर त्याच इंग्रजी शब्दांचे दोन निराळे उच्चार पडतात आणि दोन्हीकडची माणसे आपलाच उच्चार बरोबर असल्याचे ठामपणे सांगतात. आम्ही 'कॉलेज', 'ऑफिस', 'डॉक्टर' म्हणतो, तर तेथे 'कालेज', 'आफीस', 'डाक्टर' असे ऐकू येते. आमचा 'झिरो' तेथे 'जीरो' होतो, आमचे 'एम, एन, एल' हे 'यम्, यन्, यल्' होतात आणि 'एच' या अक्षराला 'हेच' म्हटले जाते.

हा प्रश्न विचारण्याचे तातडीचे कारण असे, की अलीकडेच झालेल्या एका आंतरशालेय इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थिनीचे गुण 'उच्चारांवर कानडी छाप आहे' असा शेरा मारून कमी करण्यात आले. मुलीचे आजोळ बैलहोंगलकडचे आहे आणि घरात दोन्ही भाषा बोलल्या जातात. तिचे भाषण मुद्देसूद होते, पाठांतराचे वाटत नव्हते आणि सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ते समजत होते. 'हेच' आणि 'जीरो' हे दोन शब्द मात्र तिने तिच्या सवयीने उच्चारले. आता तिचे पालक मला विचारतात की शुद्ध उच्चार कोणता ते सांगा, आम्ही घरी तोच करून घेतो.

माझे विचारणे दोन गोष्टींपुरते आहे. या भिन्न उच्चारांपैकी शुद्ध कोणता, हे ठरवण्याची काही पद्धत आहे का? आणि उच्चारांसाठी आठवड्यातून जेमतेम एखादा तास मिळत असेल, तर आधी काय सुधारून घ्यावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निपाणीचे_निवृत्त_शिक्षक

बाई, तुमच्या प्रश्नातला 'शुद्ध' हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण ज्यांची ही मायबोली आहे त्यांच्यातच तिचा एक उच्चार नाही. दक्षिण इंग्लंडातली सुशिक्षित मंडळी 'कार' आणि 'पार्क' या शब्दांतला 'र' उच्चारतच नाहीत, तर स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत तो आपल्यासारखाच स्पष्ट ऐकू येतो. इंग्लंडच्या उत्तर भागात 'बस'मधला स्वर आपल्या 'उ'च्या जवळ जातो. वेळापत्रकाला इंग्रज परंपरेने 'शेड्यूल' म्हणत आले आणि अमेरिकन माणूस 'स्केज्यूल' म्हणतो. 'हेच'विषयी बोलायचे, तर आयर्लंडमध्ये हा उच्चार सर्रास आढळतो. उत्तर आयर्लंडमध्ये तर कॅथलिक घरातला माणूस 'हेच' म्हणणार आणि प्रॉटेस्टंट घरातला 'एच' म्हणणार, अशी तेथली जुनी ओळख आहे. आपल्याकडे दक्षिणेत 'हेच' रूढ आहे आणि कन्नड छापील मजकुरात माजी पंतप्रधान देवेगौडा यांच्या नावाची आद्याक्षरे 'एच. डी.' आणि 'हेच. डी.' अशी दोन्ही प्रकारे दिसतात. जो उच्चार एका इंग्रजीभाषक देशात घरोघरी चालतो, त्यासाठी आपण खानापूरच्या मुलीचे गुण कापावेत, हे मला अन्यायाचे वाटते आणि तसे स्पर्धेच्या आयोजकांना लेखी कळवावे असेही वाटते.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक माणूस परकी भाषा आपल्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून ऐकतो. आपल्या भाषेत जो भेद नाही, तो त्याच्या कानाला सहसा जाणवतच नाही आणि म्हणून जिभेवरही येत नाही. कन्नड माणसाला 'ऑ' नाही, हे आपल्याला चटकन कळते, कारण तो आपल्याला आहे. पण जे आपल्याला नाही, ते आपल्याला कळावे कसे?

कन्नडमध्ये 'ए' ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन आहेत आणि 'ओ'सुद्धा दोन आहेत. त्यांना वेगळी अक्षरे आहेत आणि शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून मूल त्यांतला फरक शिकते. मराठीत 'ए' एकच. त्यामुळे परीक्षा या अर्थाचा 'टेस्ट' आणि चव या अर्थाचा 'टेस्ट' हे इंग्रजीत अगदी भिन्न असलेले दोन शब्द मराठी माणूस एकसारखे उच्चारतो. लिहिण्याची लेखणी आणि वेदना, उधारी आणि तारीख, पैज आणि गळाला लावायचे आमिष, या सगळ्या जोड्यांत आपला हाच घोटाळा होतो. बेळगावचा कन्नड विद्यार्थी मात्र हे शब्द न शिकवताही वेगळे ठेवतो. देवनागरीत लिहिताना मला हा फरक येथे दाखवतासुद्धा येत नाही, हे लक्षात घ्यावे. द्राविडी भाषांतील ऱ्हस्व 'ए' दाखवण्यासाठी 'ऎ' अशी खूण देवनागरीत आहे, पण ती आपण कधी वापरत नाही.

'इ' आणि 'उ' यांच्या बाबतीत आपली स्थिती याहून बिकट आहे. ऱ्हस्व आणि दीर्घ अक्षरे आपण काटेकोरपणे लिहितो, शुद्धलेखनात त्यासाठी गुणही कापतो, पण बोलण्यात त्या लांबीवरून अर्थ बदलण्याची सवय मराठीला जवळपास राहिलेली नाही. म्हणून जहाज आणि मेंढी, राहणे आणि सोडून जाणे, भरलेला आणि मूर्ख, या इंग्रजी शब्दांच्या जोड्या आपल्या तोंडी एक होतात. 'तिकीट' आणि 'पोलीस' या शब्दांत शेवटचा इकार आपण दीर्घ केला, तो इंग्रजीकडे पाहून नव्हे, तर अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार लांबवण्याच्या आपल्या सवयीने. कन्नडमध्ये स्वराच्या लांबीने अर्थ बदलतो, त्यामुळे तेथे या जोड्या सहसा शाबूत राहतात.

उलट 'ऑ'च्या बाबतीत आपण सरस आहोत. खाट ('कॉट') आणि गाडी ('कार्ट') या अर्थांचे इंग्रजी शब्द, सुती कापड आणि पुठ्ठ्याचे खोके या अर्थांचे शब्द, यांत आपण सहज फरक करतो. कन्नडमध्ये 'का' हे एकच अक्षर दोन्हीकडे वापरले जाते आणि भेद केवळ 'र'वर उरतो. 'झ'ही आपला. 'जग', 'जर' यांतल्या 'ज'मुळे आणि 'झरा', 'झाड' यांतल्या 'झ'मुळे इंग्रजी शेवटच्या अक्षराचा ध्वनी आपल्या जिभेला परका वाटत नाही. कन्नडला तो मुळात नाही, म्हणून 'जीरो' आणि 'प्लीस'. मात्र येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. अमेरिकन माणूस 'कॉलेज' आणि 'डॉक्टर' या शब्दांत ओठ गोल करत नाही. त्याचा उच्चार 'कालेज' आणि 'डाक्टर' यांच्या बराच जवळ जातो. कन्नडने हा उच्चार तिकडून घेतलेला नाही. पण ज्याला आपण गावंढळ समजतो, तोच ध्वनी अमेरिकन माणसाच्या तोंडून ऐकला की आपण मान डोलावतो, हे योग्य नाही.

शहापूरची_लेक

माझे माहेर आणि सासर दोन्ही बेळगावचेच. घरची भाषा कन्नड, पण शाळा मराठी आणि गल्लीही मराठी, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. सरांनी लिहिले ते मला पटते. त्यात थोडी भर घालते.

कन्नड माणूस 'बस'ला 'बस्सु', पेनला 'पेन्नु', बिलाला 'बिल्लु' म्हणतो, यावरून आमची लहानपणी फार चेष्टा झाली. चेष्टा करणाऱ्यांना हे कधी दिसले नाही, की तोच माणूस 'कार'ला 'कार्रु' म्हणत नाही, 'कारु' म्हणतो, आणि 'रोड'ला 'रोडु' म्हणतो. व्यंजनाचे द्वित्व केवळ ऱ्हस्व स्वरानंतर होते आणि दीर्घ स्वरानंतर होत नाही. हा नियम इंग्रजी शब्दांसाठी कोणी मुद्दाम केलेला नाही. जुन्या कन्नडमध्ये डोळ्याला 'कण्', दाताला 'पल्' आणि पायाला 'काल्' असे व्यंजनान्त शब्द होते. पुढे भाषेने शब्दाच्या शेवटी स्वर पसंत केला, तेव्हा 'कण्'चे 'कण्णु' झाले, 'पल्'चे 'हल्लु' झाले, पण 'काल्'चे नुसते 'कालु' झाले. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या स्वतःच्या शब्दांना जो नियम लागला, तोच इंग्रजांबरोबर आलेल्या शब्दांना लागला. बोलणाऱ्या अशिक्षित माणसालाही तो नियम कोणी शिकवलेला नसतो, तरी त्याच्याकडून तो चुकत नाही. मला यात भाषेची फार मोठी शिस्त दिसते. अर्थात शिकलेला कन्नड माणूस इंग्रजी वाक्य बोलताना हा 'उ' लावत नाही. 'बस्सु' हा आता कन्नड शब्द आहे, जसा 'बाटली' हा मराठी शब्द आहे.

'यम्' आणि 'यन्' यांचेही तसेच आहे. कन्नडमध्ये शब्दाच्या आरंभी 'ए' आला की त्याच्या आधी हलकासा 'य' ऐकू येतो आणि 'ओ'च्या आधी 'व'. पान या अर्थाचा 'एले' हा शब्द 'येले' असा कानावर पडतो, 'ओंदु' हा 'वंदु'च्या जवळ जातो. ही लकब फक्त आमची नाही. खानापूर आणि चंदगडकडच्या खेड्यांत 'एक'ला 'येक' म्हणणारी मराठी माणसे आजही आहेत आणि जुन्या मराठी कागदपत्रांत 'येक' असे लिहिलेलेही आढळते. तेव्हा ही 'कानडी छाप' नेमकी कोठून सुरू होते आणि कोठे संपते, हे त्या परीक्षकांनी सांगावे.

'बँक'ला कन्नडमध्ये 'ब्यांक' असे लिहितात, त्यावरूनही गैरसमज होतो. तो केवळ लिहिण्याचा मार्ग आहे, कारण त्या स्वरासाठी कन्नडमध्ये वेगळी खूण नाही. आमच्या उत्तर कर्नाटकात बोलताना तो स्वर पुष्कळदा मराठी 'बँ'सारखाच निघतो. लिहिलेल्या अक्षरांवरून उच्चाराचा निवाडा करू नये. इंग्रजांनाही 'ळ' जमला नाही, म्हणून त्यांनी आपल्या गावाचे स्पेलिंग केले ते 'बेलगाम' असे वाचण्याजोगे, आणि 2014 च्या 1 नोव्हेंबरला ते अधिकृतपणे बदलेपर्यंत आपण सगळे तेच लिहीत होतो.

चिकोडी_रोड

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु एका पालकाच्या नजरेतून मला ते अपुरे वाटते. माझा मुलगा पुढच्या वर्षी नोकरीच्या मुलाखतींना बसणार आहे. तेथे समोरचा माणूस जुन्या कन्नडचा नियम विचारणार नाही. तो दोन मिनिटांत मत बनवेल. सर्व उच्चार आपापल्या जागी योग्य आहेत, असे सांगून शिक्षकांनी हात झटकले, तर ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांचीच मुले पुढे जातील आणि आमची मागे राहतील. म्हणून माझे मत असे, की कोशातला ब्रिटिश उच्चार हा एकच आदर्श धरावा आणि सर्व मुलांना तोच शिकवावा. मुलांचा गोंधळ तरी होणार नाही.

तिसरे_रेल्वे_गेट

मी मूळचा टिळकवाडीचा, सध्या पुण्यात एका कंपनीत परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्या नव्या मुलांना तयार करण्याचे काम करतो. चिकोडीच्या काकांची काळजी रास्त आहे आणि ती मी रोज पाहतो. पण मुलाखतीत आणि फोनवर आपली मुले नेमकी कोठे अडतात, ते सांगितले तर कदाचित ही चर्चा थोडी निराळ्या दिशेने जाईल.

'कालेज' की 'कॉलेज', 'एच' की 'हेच', यामुळे परदेशी ग्राहकाला बोलणे समजले नाही, असे माझ्या तरी पाहण्यात नाही. तो अडतो ते अशा ठिकाणी, जेथे मराठी आणि कन्नड मुले अगदी एकसारखे बोलतात आणि म्हणून एकमेकांची चूक त्यांना कधी ऐकूच येत नाही.

सर्वांत मोठी अडचण आघाताची. इंग्रजीत शब्दाच्या एका अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर (सिलॅबलवर), जोर असतो आणि बाकीचे अवयव आखडतात. ऐकणारा त्या जोरावरून शब्द ओळखतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत असा अर्थ बदलणारा आघात नाही, आपण सर्व अवयव जवळपास सारख्या वजनाने बोलतो. त्यामुळे 'डेव्हलप' हा शब्द आपण पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हणतो, इंग्रजीत तो दुसऱ्यावर आहे. 'कमिटी'चा जोरही दुसऱ्या अवयवावर आहे. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्यावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर असतो, 'फोटोग्राफर' म्हणताना दुसऱ्यावर सरकतो आणि त्यासरशी पहिला 'फो' इतका आखडतो, की तो 'फ'सारखा ऐकू येतो. हे चुकले की प्रत्येक ध्वनी नीट काढूनही शब्द ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट फारशी कोणी शिकवत नाही. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी, जोर असलेल्या जागी येणारे 'प', 'ट' आणि 'क' हे किंचित हवेसह, म्हणजे महाप्राण उच्चारले जातात. टाचणी या अर्थाचा 'पिन' इंग्रजाच्या तोंडून ऐकला तर त्यात ओठ मिटून केलेल्या मराठी 'फ'ची, म्हणजे 'फळ' किंवा 'फूल' यांच्या जुन्या उच्चारातल्या 'फ'ची झाक असते. आपण स्वच्छ अल्पप्राण 'प' म्हणतो आणि फोनवरचा माणूस तो 'ब' समजतो. 'पिन'चा 'बिन', म्हणजे टाचणीची कचराकुंडी होते. ग्राहकाचा क्रमांक किंवा आडनाव अक्षर-अक्षर करून सांगताना 'पी' आणि 'बी', 'टी' आणि 'डी' यांची अदलाबदल होते ती याच कारणाने. मी नव्या मुलांना तळहात तोंडासमोर धरायला लावतो. 'पी' म्हणताना हाताला वाऱ्याचा झोत लागला पाहिजे आणि 'बी' म्हणताना लागता कामा नये. महाप्राण ध्वनी मराठीत घरचेच असल्यामुळे ही गोष्ट मुलांना लवकर साधते.

तिसरे म्हणजे इंग्रजीतले दोन 'व'. एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात आणि दात कोठेच लागत नाहीत. पश्चिम दिशा आणि बनियन या अर्थांचे इंग्रजी शब्द आपल्याकडे, कोणत्याही गल्लीत, एकच होतात. लिहिताना आपण 'व्ह' वापरून भेद दाखवतो, बोलताना तो टिकतोच असे नाही.

काकांनी म्हटलेल्या एका आदर्शाबद्दल एवढेच सांगतो, की ज्यांच्याशी आमची मुले बोलतात त्यांतले निम्मेअधिक अमेरिकेतले असतात आणि ब्रिटिश उच्चार घोकून आलेल्या मुलालाही तेथे नव्याने कान तयार करावा लागतो.

निपाणीचे_निवृत्त_शिक्षक

चिकोडीच्या पालकांना एक उत्तर द्यायचे राहिले. कोश वापरावा, याविषयी माझे दुमत नाही. उलट प्रत्येक वर्गात उच्चार दाखवणारा कोश हवाच. पण कोशातला ब्रिटिश उच्चार आला कोठून, ते मुलांना सांगावे. डॅनियल जोन्स यांनी 1917 साली इंग्रजी उच्चारांचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी दक्षिण इंग्लंडातल्या, श्रीमंतांच्या निवासी शाळांत शिकलेल्या कुटुंबांचा उच्चार नोंदवला होता आणि तसे स्पष्ट लिहिले होते. खुद्द ब्रिटनमध्ये तसे बोलणारे लोक नेहमीच थोडे होते. तो संदर्भासाठी एक पक्का मापदंड आहे, आणि मापदंड म्हणून तो उत्तम आहे. त्यापासून दूर असलेले सर्व अशुद्ध, असा त्याचा अर्थ होत नाही. कोशात शब्दाच्या आधी किंवा मध्ये वरच्या बाजूला जी छोटी उभी रेघ असते, ती आघाताची खूण आहे आणि तिच्या पुढच्या अवयवावर जोर द्यायचा असतो. आमच्या काळी ही रेघ कोणीच वाचायला शिकवली नाही. मुलांना कोशातली दुसरी कोणतीही खूण समजली नाही तरी चालेल, पण ही समजली पाहिजे.

खानापूरच्या_बाई

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या गेटच्या दादांनी सांगितलेला तळहाताचा प्रयोग आज नववीच्या वर्गात करून पाहिला. मुलांनी तो फार उत्साहाने केला आणि मागच्या बाकावरची, एरवी वाचायला न उठणारी मुलेही उठली.

आता मी असे ठरवते आहे. 'कॉलेज' आणि 'कालेज', 'एच' आणि 'हेच' यांत मी हात घालणार नाही. दोन्ही ऐकून ओळखता यावेत, इतकेच पाहीन. मिळणारा तास आधी आघाताला आणि 'पी-बी', 'टी-डी' यांना देईन. जोड्यांचा सराव मात्र मी थोडा वेगळ्या पद्धतीने घ्यावा म्हणते. वर्गात काही मुले घरी कन्नड बोलणारी आहेत. परीक्षा आणि चव, जहाज आणि मेंढी या जोड्या आधी त्यांनी मोठ्याने वाचाव्यात आणि मराठी घरच्या मुलांनी ऐकून उजवा की डावा हात वर करावा. खाट-गाडी आणि 'झ'च्या जोड्यांना याच्या उलट. जिचे गुण कापले गेले, त्या मुलीला दोन्हीकडचे सगळे ध्वनी येतात, हे मला ही चर्चा वाचताना प्रथमच नीट समजले. तेव्हा जोड्या वाचण्याची सुरुवात तिच्यापासूनच करेन. आयोजकांना द्यायच्या पत्राचा मसुदाही लिहायला घेतला आहे. आयर्लंडच्या 'हेच'चा दाखला त्यात सरांच्याच शब्दांत दिला तर चालेल का, तेवढे कळवावे.

निपाणीचे_निवृत्त_शिक्षक

अवश्य द्यावा. पत्र इंग्रजीत लिहा आणि त्याची एक प्रत परीक्षकांच्या नावेही पाठवा. पुढच्या वर्षीच्या गुणपत्रिकेत 'उच्चार' या रकान्याऐवजी 'सुबोधता' असा रकाना ठेवावा, अशी सूचनाही त्यात घालावी, म्हणजे परीक्षकाला आपल्याला भाषण समजले की नाही, याचेच उत्तर द्यावे लागेल.